‘त्याच्या कपड्यांबद्दल त्याच्याशी बोला’, असा एचआरचा निरोप आलाय

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखक पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहेत. वय 43, हाताखाली नऊ जण. चार वर्षं घरून काम झाल्यावर आता आठवड्यातले तीन दिवस ऑफिसला जावं लागतं. टीममधला एक मुलगा 24 वर्षांचा, पहिलीच नोकरी, मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावातून आलेला, कामात सगळ्यांत चोख. तो राउंड नेक टी-शर्ट, ट्रॅक पँट आणि फ्लोटर्स घालून येतो आणि गुरुवारच्या क्लायंट कॉललाही तसाच बसतो. कंपनीच्या नियमावलीत एकच ओळ आहे: ‘बिझनेस कॅज्युअल अपेक्षित’. मागच्या महिन्यात एका वरिष्ठांनी फ्लोअरवर फेरी मारली आणि दुसऱ्याच दिवशी एचआरनं (मनुष्यबळ विभागानं) पत्रलेखकांना त्या मुलाशी बोलायला सांगितलं. ते लिहितात, "बोललो तर जुन्या वळणाचा साहेब ठरेन, नाही बोललो तर मलाच ऐकावं लागेल. पण त्याला हे स्वतःहून कळायला नको का? क्लायंट काय म्हणेल? तिकडचा मॅनेजर स्वतः हुडीत असतो, ती गोष्ट वेगळी. आणि खरं सांगायचं तर घरून कॉल असतो तेव्हा मीही वर शर्ट आणि खाली हाफ पँट अशाच वेषात असतो, त्यामुळे बोलायला तोंड नाही."

तुमची हाफ पँट आधी निकालात काढू. कॅमेऱ्याच्या चौकटीत जे येत नाही त्याचा हिशेब कुणी मागत नाही. कॉल सुरू असताना चार्जर आणायला उठू नका, एवढंच पथ्य. पण त्या वाक्यात तुम्ही एक गोष्ट नकळत कबूल केली आहे. कपड्यांचा कामाशी संबंध किती, हे चार वर्षांत तुम्ही स्वतःवरच तपासून पाहिलंय. हाफ पँटीत बसून सॉफ्टवेअरचे रिलीज वेळेवर गेले, माणसं सांभाळली गेली. मग त्या मुलाच्या ट्रॅक पँटनं नेमकं काय बिघडतंय?

हे तुम्हाला टोचायला विचारत नाही. याचं उत्तर मिळाल्याशिवाय तुम्हाला त्याच्याशी काय बोलायचं तेच ठरवता येणार नाही. तुमच्या पत्रात तक्रार करणारी व्यक्ती एकच आहे, फ्लोअरवर फेरी मारणारी. क्लायंटनं काही म्हटल्याचं तुम्ही कुठंही लिहिलेलं नाही; त्याचा माणूस हुडीत बसतो असं मात्र लिहिलंय. म्हणजे ‘क्लायंट काय म्हणेल’ ही भीती क्लायंटकडून आलेली नाही, ती आपल्याकडं आधीपासून होती. क्लायंटला खरंच फरक पडतो का, हे विचारायला हरकत नसते. क्लायंटशी व्यवहार सांभाळणाऱ्या तुमच्या अकाउंट मॅनेजरला एका ओळीत विचारा: या क्लायंटची कॉलवरच्या पेहरावाबद्दल काही अपेक्षा करारात किंवा बोलण्यात आली आहे का? बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांच्याकडून असं कधीकधी येतं. आलं असेल तर तुमच्या हातात सांगण्यासारखं कारण आहे. नसेल तर उरते ती एका वरिष्ठांची नापसंती. तिलाही किंमत आहे, पण ती क्लायंटच्या नावावर खपवू नका. मुलं हुशार असतात, त्यांना लगेच कळतं.

आता ‘त्याला स्वतःहून कळायला नको का’. नाही, कळणार नाही. ‘बिझनेस कॅज्युअल’ म्हणजे काय हे ज्याच्या घरात कुणी ऑफिसात जाणारं होतं, त्याला न सांगता कळतं. या मुलाला इंजिनिअरिंग कॉलेजात प्लेसमेंटच्या दिवशी फॉर्मल्स घाला, शर्ट इन करा, एवढं सांगितलं गेलं असेल आणि त्यानं ते केलंही असेल. मग नोकरी लागली, इंडक्शन झालं ऑनलाइन, आणि पहिल्यांदा फ्लोअरवर आला तेव्हा निम्मे लोक जीन्स-टी-शर्टात दिसले. त्यानं जे पाहिलं त्यावरून अंदाज बांधला, तो एक पायरी खाली गेला. ‘अपेक्षित’ या शब्दावर उभा असलेला नियम माणसाचं काम तपासत नाही, तो कुठल्या घरातून आला ते तपासतो. त्यासाठी तुम्ही त्याला घेतलं नव्हतं.

खात्री करायची असेल तर टीममधल्या नऊही जणांना वेगवेगळं तीन प्रश्न विचारून बघा. जीन्स चालते का? कॉलर नसलेला टी-शर्ट चालतो का? पुढून उघडी चप्पल चालते का? उत्तरं जुळली तर नियम आहे असं म्हणू. जुळली नाहीत तर दोष त्या एकट्याचा नाही.

या धंद्यात नियम कसा हलत आलाय तेही ध्यानात घ्या. एकेकाळी गडद सूट आणि पांढऱ्या शर्टासाठी ओळखल्या जाणाऱ्या आयबीएमनं 1995 मध्ये तो दंडक सोडला. इन्फोसिसनं 2015 मध्ये रोजच कॅज्युअल कपड्यांना मोकळीक दिली. उलट टीसीएसनं 2023 मध्ये लोकांना ऑफिसात परत बोलावताना ड्रेस कोडची मेलवरून आठवण करून दिली. महाराष्ट्र सरकारनं डिसेंबर 2020 मध्ये कर्मचाऱ्यांसाठी परिपत्रक काढलं, त्यात जीन्स आणि टी-शर्ट नको, शुक्रवारी खादी घाला, असं होतं. यातलं कुठलं बरोबर, हा आपला विषय नाही. पण परिपत्रकाबद्दल कितीही नाकं मुरडली गेली असली तरी त्यात काय घालायचं आणि काय नाही हे कपड्यांच्या नावांनिशी लिहिलं होतं. तुमच्या कंपनीच्या एका ओळीपेक्षा ते शंभर पटींनी प्रामाणिक.

‘कपडे नीट असले की डोकं नीट चालतं’ हे वाक्यही तुमच्या कानावर येईल. 2012 मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांचा एक प्रयोग गाजला होता. पांढरा कोट डॉक्टरचा म्हणून घातला की लक्ष जास्त एकाग्र होतं, तोच चित्रकाराचा म्हणून दिला की होत नाही, असा त्याचा निष्कर्ष. पुढं जास्त माणसं घेऊन त्यातला कोट घातलेले आणि न घातलेले अशी तुलना करणारा भाग पुन्हा केला गेला तेव्हा फरक आढळला नाही. तेव्हा हा मुद्दा एचआरनं मांडला तर मान डोलवा, त्यावर धोरण उभारू नका. कुणाला शर्ट घातल्यावर कामाला लागल्यासारखं वाटतं, त्यानं घरीही खुशाल घालावा.

कारण असलेला नियम कसा असतो ते कारखान्यात दिसतं. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948 चं कलम 22 सांगायचं की चालू यंत्राला तेल देणं, पट्टा बसवणं अशी कामं अंगाला घट्ट बसणारे कपडे घातलेल्या प्रशिक्षित कामगारानंच करावीत. ढगळ बाही पट्ट्यात सापडली तर हात जातो, त्यामुळे कुणी वाद घालत नाही. वकिलांच्या नियमातसुद्धा उन्हाळ्यात सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं सोडून इतरत्र काळ्या कोटाची सक्ती नाही. तुमच्या ऑफिसात अशी कारणं शोधली तर तीनच सापडतील: क्लायंटसमोर येणं, सर्व्हर रूम किंवा लॅबमधली सुरक्षितता, आणि शेजारी बसणाऱ्याला त्रास न होणं. बाकी सगळी आवडनिवड.

एचआरला हवा असेल तर मसुदा द्या, साधारण असा: ‘एरवी जीन्स किंवा कुठलीही पूर्ण लांबीची पँट, सलवार-कुर्ता, लेगिंग-कुर्ता, साडी, टी-शर्ट चालेल. फाटलेले, कळकट किंवा शिवराळ मजकुराचे कपडे नकोत. क्लायंटसमोर, प्रत्यक्ष किंवा कॅमेऱ्यावर, कॉलर असलेला शर्ट किंवा टी-शर्ट, कुर्ता किंवा साडी. जून ते सप्टेंबर कुठलंही पादत्राण चालेल, बाथरूम स्लिपर सोडून. सर्व्हर रूममध्ये बारा महिने बंद बूट.’ एवढ्यात काम होतं. ‘नीटनेटके’, ‘शोभेसे’, ‘प्रोफेशनल’ हे शब्द मसुद्यात येऊ देऊ नका. वाद नेमका तिथंच होतो.

फुल बाह्या आणि ब्लेझरचा आग्रह कुणी धरला तर एसीचं बिलही दाखवा. जपाननं 2005 मध्ये ‘कूल बिझ’ मोहिमेत टाय-कोट उतरवायला सांगितले ते एसी 28 अंशांवर ठेवता यावा म्हणून. आपल्याकडंही 1 जानेवारी 2020 पासून नवे रूम एसी सुरू होतात ते 24 अंशांवर. ब्लेझर घातलेल्या साहेबासाठी 20 वर आणला की सुती कुर्ता घालून आलेली मुलगी शाल पांघरून कोड लिहीत बसते. सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं तर मे 2024 मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना सोमवारी बिनइस्त्रीचे कपडे घालायला सांगितलं होतं, वीज वाचावी म्हणून. पुण्यातल्या किती एचआरना हे पचेल कोण जाणे.

आता त्या मुलाकडं वळू. तो फ्लोटर्स आणि ट्रॅक पँट का घालतो, याची तुम्ही चौकशी केलेली दिसत नाही. आळस हे एक कारण झालं, पण ते पहिलं नसावं. तो दुचाकीवर हिंजवडीसारख्या ठिकाणी पावसात येत असेल तर रेनकोट असूनही गुडघ्याखाली भिजतो, कारण पाणी रेनकोटच्या पँटच्या कडेवरून बुटात उतरतं आणि पुढच्या गाडीचं चाक खालून उडवतं ते वेगळं. सुती पँट एकदा भिजली की एसीत दुपारपर्यंत वाळत नाही. ट्रॅक पँट अर्ध्या-पाऊण तासात वाळते. पीजीत राहत असेल तर बऱ्याच ठिकाणी विजेच्या बिलापायी इस्त्री वापरू देत नाहीत, गॅलरीत दोरी एक आणि माणसं सहा. इस्त्रीवाल्याकडं टाकलेले कपडे दोन दिवसांनी येतात. बुटांचा एकच जोड असेल आणि तो सोमवारी भिजला तर बुधवारी घालवत नाही. आणि पहिल्या पगारातले किती पैसे गावी जातात हे तुम्हाला माहीत नाही. विचारूही नका.

यातलं बरंच ऑफिसला सोडवता येतं आणि खर्च फारसा नाही. प्रत्येकाला एक लॉकर किंवा खणाला कुलूप. म्हणजे बूट ऑफिसातच राहतात, माणूस येतो फ्लोटर्समध्ये. ओले रेनकोट टांगायला जिन्याजवळ रॉड आणि खाली ट्रे. एक इस्त्री आणि टेबल, कुठल्याही रिकाम्या खोलीत. नव्या माणसाच्या किटमध्ये बाटली आणि स्टिकरऐवजी कॉलरवाले दोन टी-शर्ट द्या, साधारण 200 ते 240 जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाच्या) पिके कापडाचे, पोलो टी-शर्टाला असतं तसल्या जाळीदार विणीच्या. याहून पातळ घेतले की चार धुण्यांत कॉलर वळते आणि खांदे ओघळतात, मग तो टी-शर्ट फक्त झोपायला उरतो. बायकांच्या मापाचे वेगळे मागवा. पुरुषांचा ‘स्मॉल’ म्हणजे बायकांचा टी-शर्ट नव्हे.

आठवड्यात तीन दिवस जाणाऱ्या माणसाला चार शर्ट, दोन पँट आणि एक बंद बूट पुरतात. यातला एक शर्ट आणि एक पँट ऑफिसच्या खणात, चेनच्या प्लॅस्टिक पिशवीत गुंडाळी करून ठेवायची. घडी घातली तर मोडीवर चुणी पडते. कापड सुती-पॉलिएस्टर मिश्र घ्यावं, निम्म्याहून जास्त सुती. शुद्ध सुती शर्ट सीटबेल्टखालीच चुरगळतो. शुद्ध पॉलिएस्टर, म्हणजे तो जिमचा ड्राय-फिट, वाळतो झटकन पण वास धरतो, कारण अंगाचं तेल त्या धाग्याला चिकटून राहतं आणि त्यावर जीवाणू पोसले जातात. असे कपडे उलटे करून धुवावेत आणि फॅब्रिक सॉफ्टनर टाळावा. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि वास आतच राहतो. ओले कपडे बादलीत रात्रभर पडू देऊ नयेत. पावसाळ्यात कुबट वास येतो तो बहुतेक वेळा कपडा वाळायला फार वेळ लागल्यामुळे. पंख्याखाली बोटभर अंतर सोडून वाळत घातला तर निम्मा प्रश्न सुटतो. बूट भिजले तर आतला सोल काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, दोन-तीन तासांनी बदलायचे, आणि हीटरजवळ किंवा कडक उन्हात ठेवायचे नाहीत. चामडं तडकतं.

गुरुवारच्या कॉलचा प्रश्न मात्र कपड्यांपेक्षा कॅमेऱ्याचा असण्याची शक्यता मोठी. टेबलावरच्या लॅपटॉपचा कॅमेरा खालून वर बघतो, त्यामुळे कुणीही गबाळा दिसतो. त्याखाली चार-पाच जाड पुस्तकं ठेवा म्हणजे कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत येतो. पाठीमागं खिडकी असेल तर चेहरा काळा पडतो. टेबल फिरवून खिडकी समोर घ्या. डोक्यावरच्या ट्यूबनं डोळ्यांखाली सावल्या पडतात, समोर एक साधा टेबल लॅम्प भिंतीकडं तोंड करून लावला तरी पुरतो. शर्ट एकरंगी, मध्यम छटेचा हवा: निळा, हिरवट, मातकट. पांढराशुभ्र असला की कॅमेरा आपोआप उजेड कमी करतो आणि चेहरा काळवंडतो; काळा असला की उलट होतं, चेहरा पिठूळ दिसतो. बारीक चौकडी आणि बारीक रेघा तर टाळाच. त्या रेघा कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच्या बारीक जाळीशी जुळत नाहीत आणि शर्टावर लाटा वळवळताना दिसतात. महागाचा फॉर्मल शर्ट बहुधा नेमका तसाच असतो! पार्श्वभूमी धूसर केली असेल तर भिंतीच्या रंगाचा शर्ट घालू नये, सॉफ्टवेअर खांदाच गिळतं. हे सगळं टीमला एकत्र दाखवा, एका स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत, पंधरा मिनिटांत होतं, आणि त्या मुलाचं नाव कुठंही येत नाही.

हे करून आणि लेखी नियम सगळ्यांना जाऊन दोन आठवडे झाले, तरी तो क्लायंट कॉलला बिनकॉलरच्या टी-शर्टातच दिसला तर मग बोला. समोरासमोर, छोट्या मीटिंग रूममध्ये, स्टँडअपनंतर. क्लायंट कॉलच्या तोंडावर नाही आणि शुक्रवारी संध्याकाळी तर नाहीच, नाहीतर शनिवार-रविवार तो तेच चघळत बसेल. चॅटवर लिहू नका, स्क्रीनशॉट फिरतो. त्याच्या मित्राकरवी निरोप पाठवू नका. सगळ्यांना मेल टाकून एकाला नेम धरू नका. ‘आज जिमला का?’ असला विनोद तर अजिबात नको. आणि कृपा करून त्याला शर्ट भेट देऊ नका.

वाक्य असं काहीसं: "अरे, दोन मिनिटं. कामाची काही तक्रार नाही, ते उत्तम चाललंय. क्लायंट कॉलला कॉलरवालं काहीतरी घालायचं असं आता ठरलंय. हे तुला जॉइन होतानाच कुणीतरी सांगायला हवं होतं, ते राहिलं. पुढच्या गुरुवारपासून जमेल ना? काही अडचण असेल तर सांग." आणि इथं थांबा. शांतता पडली तरी भरायला जाऊ नका. अडचण सांगायची असेल तर तो तेव्हाच सांगेल. ‘मला काही वाटत नाही रे, पण वरून आलंय’ हे जोडायचा मोह होईल. जोडलंत तर तुम्ही चांगले आणि कंपनी वाईट अशी वाटणी होते, आणि पुढच्या वेळी तुमचं कुठलंच सांगणं त्याला खरं वाटत नाही. पटत नसेल तर तो वाद वर घाला, खाली नाही.

गुरुवारी तो शर्ट घालून आला तर काहीच म्हणू नका. ‘वा, आज हीरो!’ हेही नाही. नाही आला तर पुन्हा एकदा, फक्त कारण विचारायला. त्यानंतरही नाही, तर ते एचआरचं काम. अप्रेझलच्या कागदावर कपड्यांचा उल्लेख येऊ देऊ नका. तिथं कामाचं मोजमाप आहे.

असाच निरोप ज्यांना एखाद्या सहकारी बाईंबद्दल आला असेल, त्यांच्यासाठी थोडं वेगळं. पुरुष लीडनं एकट्यानं बंद खोलीत हे बोलू नये. एचआरमधल्या बाईंनी बोलावं, आणि तेही लेखी नियमातला शब्द दाखवून. ‘फिटिंग’, ‘गळा’, ‘दिसतं’ हे शब्द आले की बोलणं कपड्यावरून शरीरावर गेलं, आणि 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्यानंतर असं बोलणं कुठवर जाऊ शकतं याचं भान प्रत्येक लीडला हवं. टिकली, मंगळसूत्र, गंध, दाढी, पगडी, हिजाब यांना टीम लीडनं हातच घालू नये. आणि तक्रार वासाची असेल तर ती कपड्यांच्या नियमात लपवू नका: "घामाचा वास येतोय, तुला कदाचित जाणवत नसेल," एवढं एकदाच, एकांतात. ऐकणाऱ्याला वाईट वाटतं, पण चार महिने लोक खुर्च्या सरकवतात ते त्याहून वाईट.

एचआरच्या निरोपाला उत्तर आजच द्या. लिहा: ‘सध्याच्या नियमात काय चालतं हे स्पष्ट नाही. टीममध्ये तीन प्रश्न विचारले, ही उत्तरं आली. मसुदा सोबत जोडला आहे. तो सगळ्यांना एकदम पाठवावा, लॉकर आणि रेनकोट टांगायची सोय व्हावी. त्यानंतर माझ्या टीमची जबाबदारी माझी.’ वरिष्ठांनाही कॉपीत ठेवा. यावर ‘इतकं कशाला, नुसतं बोला ना त्याच्याशी’ असं उत्तर आलं, तर नुसतं काय बोलायचं ते त्यांनाच लिहून मागा. बहुतेक वेळा ते वाक्य लिहायला बसलं की लिहिता येत नाही आणि मसुद्यावर चर्चा सुरू होते.